तीन फुल्यांनंतरचे दिवस

मा. रेल्वेमंत्री,
भारत सरकार, रेल भवन,
नवी दिल्ली



मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस आहे. नोकरीची शेवटची एकोणीस वर्षे यूएसएफडीत गेली, म्हणजे रुळाच्या पोटातला तडा ध्वनिलहरींनी शोधण्याच्या कामात. आपल्याला हे काम माहीत आहे. पण पत्र खुले आहे आणि रोज या रुळांवरून जाणारी माणसेही ते वाचतील, म्हणून चार गोष्टी उलगडून लिहितो. त्याबद्दल राग नसावा.

आपल्या मंत्रालयाने संसदेत दिलेले आकडे मी वाचले. २०१३-१४ मध्ये २,५४८ रेल फ्रॅक्चर झाली होती, २०२३-२४ मध्ये ३८३. वेल्ड तुटण्याच्या घटनाही अशाच घटल्या आहेत. मला याचा मनापासून आनंद झाला. या घटीमागे उन्हातान्हात ट्रॉली ढकलणाऱ्या शेकडो माणसांचे गुडघे झिजले आहेत आणि त्यातले काही माझे सोबती होते. त्याच तक्त्यात किती किलोमीटर रूळ तपासले आणि किती वेल्ड तपासले, हेही होते. तडा सापडल्यापासून तो तुकडा बदलेपर्यंत किती दिवस गेले, ते मात्र कुठेच नव्हते. त्या एका रकान्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

तपासणी कशी होते ते आधी सांगतो. रुळांवर एक हलकी ट्रॉली ठेवतात. तिच्यावर पाण्याची टाकी असते आणि खाली रुळाला घासत जाणारे प्रोब. रूळ आणि प्रोब यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर लागतोच. मध्ये हवा आली तर लहर पोलादात शिरत नाही, जागच्या जागी परतते. एक प्रोब लहर सरळ खाली सोडतो. मीटरला ६० किलो वजनाचा आपला रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. तळापर्यंत जाऊन परत यायला लहरीला साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात. तळाचा प्रतिध्वनी आला की समजायचे, मधला रस्ता मोकळा आहे. तो आला नाही किंवा अलीकडूनच परत आला, तर मध्ये काहीतरी आडवे आहे.

रुळाच्या डोक्यातला आडवा तडा मात्र सरळ खाली जाणाऱ्या लहरीला सापडत नाही. उभ्या धरलेल्या कागदाकडे वरून पाहिले तर फक्त कड दिसावी, तसा तो असतो. त्यासाठी ७० अंशांत तिरपी लहर सोडणारे प्रोब असतात, एक पुढे पाहणारा आणि एक मागे पाहणारा. या लहरीची कंपने सेकंदाला २० लाख असतात. माणसाच्या कानाची मर्यादा २० हजारांच्या आसपास संपते. कानाला ऐकू येतो तो फक्त यंत्राचा बीप. बीप वाजला की ट्रॉली थांबवायची, थोडी मागे घ्यायची आणि पुन्हा पुढे ढकलायची. पडद्यावर उभी रेघ दिसते. ट्रॉलीबरोबर ती रेघ सरकत सरकत जवळ येऊ लागली की पोटात गोळा येतो. ग्रीस, गंज, चाकाने घासलेला पृष्ठभाग यांच्या रेघा बहुधा जागच्या जागी थरथरतात. सरकणारी रेघ मात्र समोर काहीतरी आहे आणि आपण त्याच्या जवळ चाललो आहोत, असे सांगते. एप्रिलच्या दुपारी पडद्यावर ऊन पडलेले असते, शेजारच्या लाइनवरून गाडी धडधडत जाते आणि लुकआउटवाला शिटी वाजवून बाजूला व्हायला सांगत असतो. अशा वेळी ती रेघ सरकते आहे की थरथरते आहे, हे एका माणसाने ठरवायचे असते.

या यंत्राला काय दिसत नाही, तेही सांगतो, कारण किलोमीटरचे आकडे वाचताना ते कुणाच्या ध्यानात येत नाही. प्रोब रुळाच्या माथ्यावरून जातात, म्हणून त्यांना माथा दिसतो, मधली उभी भिंत दिसते आणि भिंतीच्या बरोबर खालचा तळ दिसतो. तळाचे दोन्ही बाजूंना पसरलेले पंख ट्रॉलीला दिसत नाहीत. दोन रूळ जागेवरच जोडणाऱ्या थर्मिट वेल्डच्या तळाशी कधी अर्धचंद्रासारखा तडा सुरू होतो. आम्ही त्याला हाफ मून म्हणतो. पंखांतला दोष शोधायचा तर वेल्डपाशी बसून हातातला प्रोब तळावर फिरवावा लागतो, प्रत्येक वेल्डला. समुद्राकाठच्या आणि खाडीलगतच्या लाइनींवर रुळाचा तळ, तो धरून ठेवणाऱ्या क्लिपच्या लायनरखाली, गंजतो. बायोटॉयलेट येण्याआधी डब्यांतली सगळी घाण रुळावर पडायची, त्या काळात तर फार झीज झाली. तो गंज क्लिप काढून, लायनर उचलून, डोळ्यांनीच पाहावा लागतो. आणि माथ्यावरच बारीक भेगांची जाळी झाली असेल तर लहर तिथेच अडते. खाली मोठा तडा असला तरी जाळीच्या सावलीत लपतो.

माझी एक चूक सांगतो. एका उताराच्या वळणावर रुळाची आतली कड सोलवटलेली होती. प्रोब नीट बसत नव्हता, पाणी ओघळून जात होते. दिवस मावळायला आला होता आणि त्या दिवशीचे अंतर पुरे करायचे होते. मी ते सात-आठ मीटर तसेच ओलांडले आणि नोंद केली ‘तपासले’. दोन महिन्यांनी त्याच वळणावर रूळ तुटला. रोज लाइनवर चालत रूळ पाहणाऱ्या कीमनने वेळेत पाहिला, म्हणून निभावले. मी जे तपासू शकलो नव्हतो ते ‘तपासले’ म्हणून लिहिले, याची बोच आजही आहे. तेव्हापासून मी डायरीत ‘तपासता आले नाही’ असे शब्द लिहायला लागलो. असे लिहिणाऱ्या माणसाकडे वर कुणी कौतुकाने पाहत नाही, हेही तेव्हाच कळले. त्याचे किलोमीटर कमी भरतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

तडा धोक्याचा आहे असे ठरले की रुळाच्या उभ्या भिंतीवर लाल रंगाने तीन फुल्या मारतात. तीन फुल्या म्हणजे हा तुकडा ताबडतोब काढा. एक फुली म्हणजे नजर ठेवा. तीन फुल्या पडल्या की त्या जागी गाड्यांचा वेग ताशी ३० किलोमीटर किंवा त्याहून कमी करायचा, तड्याच्या दोन्ही बाजूंना जॉगल्ड फिशप्लेट, म्हणजे रुळाला धरून ठेवणाऱ्या पोलादी पट्ट्या, क्लॅम्पने आवळायच्या आणि तीन दिवसांत तो तुकडा बदलायचा. नियम चांगला आहे. ज्यांनी केला त्यांना पोलादही कळत होते आणि माणसेही.

डिसेंबरचा महिना होता. सेक्शनचे नाव लिहीत नाही. सकाळी अकराच्या सुमारास रेघ सरकली. मी तीनदा ट्रॉली पुढे-मागे केली, मग हातातल्या प्रोबने दोन्ही दिशांनी पाहिले. शंका राहिली नाही. तीन फुल्या मारल्या, वेग कमी करायला कळवले आणि संध्याकाळपर्यंत जॉगल बसला. दुसऱ्या दिवशी फोन आला. ‘‘खरंच फ्लॉ आहे ना? गाड्या मार खातायत. परत एकदा बघा.’’ मी तिसऱ्या दिवशी जाऊन परत पाहिले. रेघ तशीच होती. चौथ्या दिवशीचा ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवून मिळणारा वेळ, एका जादा गाडीसाठी रद्द झाला. सहाव्या दिवशी ब्लॉक मिळाला, पण वेल्डिंगची गँग दुसरीकडे पाठवलेली होती. एक तुकडा बदलायचा म्हणजे दोन नवे वेल्ड आले, साचे आले, ते थंड होईपर्यंतचा वेळ आला. तासाभरात उरकण्याजोगे काम नाही हे. नवव्या दिवशी पुन्हा फोन आला, वेगाची मर्यादा थोडी वाढवता येईल का, म्हणून. मी नाही म्हणालो. तेवढेच माझ्या हातात होते.

त्याच दिवसांत थंडी वाढली. लांब वेल्ड केलेल्या रुळाला आखडायला जागा नसते. तो ज्या तापमानाला बांधला असेल त्यापेक्षा एक अंश खाली गेला की ६० किलोच्या एकेका रुळात सुमारे १.९ टनांची ओढ निर्माण होते. पंचवीस अंश उतरला तर ४७ टनांच्या वर. तडा असलेल्या रुळाला दोन्ही टोकांकडून अशी ओढ लागलेली असते आणि वर चाक आदळत असते. म्हणून रूळ तुटतात ते हिवाळ्यात, पहाटेच्या सुमाराला.

अकराव्या दिवशी पहाटे कीमन आपल्या बीटवर चालत होता. तीन फुल्यांपाशी तो रोज थांबायचा, जॉगलचे क्लॅम्प हातोड्याने ठोकून बघायचा. त्या दिवशी ठोकल्यावर आवाज बदललेला वाटला, म्हणून बॅटरी खाली धरली. रूळ तुटला होता आणि करंगळी जाईल एवढी फट पडली होती. जॉगलने दोन्ही टोके धरून ठेवली होती. त्याने लाल दिवा लावला, रुळावर फटाके बांधले आणि येणाऱ्या मालगाडीच्या दिशेने पळत गेला. गाडी थांबली. कुणाला ओरखडाही आला नाही. मी पोचलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, तुमच्या फुल्या तशाच होत्या. बरोबर मधून गेला.’’

तुटलेल्या टोकाचा छेद मी पाहिला. रुळाच्या डोक्यात, पृष्ठभागापासून थोडा खाली, काजूच्या आकाराचा गुळगुळीत काळपट डाग होता. त्यात खोडाच्या कड्यांसारख्या बारीक रेषा होत्या. प्रत्येक रेषा म्हणजे तडा थोडा पुढे सरकून थांबला होता ती जागा. बाकीचा छेद साखरेसारखा खडबडीत आणि चकचकीत, त्या पहाटे एका क्षणात तुटलेला. काजूला वाढायला किती महिने लागले असतील कोण जाणे. आम्हाला तो सापडला होता आणि तरी अकरा दिवस तो तिथेच होता. मी नंतर सगळ्या वह्या पाहिल्या. प्रत्येकाची नोंद बरोबर होती. ब्लॉक मागितल्याची नोंद, रद्द झाल्याची नोंद, गँग पाठवल्याची नोंद, सगळे नियमानुसार. घोडे पेंड खात होते ते या नोंदी-नोंदींच्या मधल्या दिवसांत, आणि ते दिवस मोजणारी वही कुणाकडेच नव्हती.

हे फक्त आपल्याकडे होते असे नाही, मंत्रिमहोदय. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमध्ये हॅटफिल्डजवळ लंडनहून लीड्सला निघालेली गाडी ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने एका वळणावरून जात होती. तिच्या खाली रुळाचे ३०० हून जास्त तुकडे झाले. चार माणसे गेली, ७० हून अधिक जखमी झाली. त्या वळणावरच्या रुळाच्या आतल्या कडेला भेगा पडल्याचे जवळजवळ दोन वर्षे आधीपासून माहीत होते. बदलायचा रूळ आणूनही ठेवला होता, बसवला मात्र नव्हता. अपघातानंतर अशा भेगा आणखी कुठे आहेत ते धडपणे सांगता येईना, तेव्हा देशभर हजाराहून अधिक ठिकाणी वेग कमी करावा लागला आणि ब्रिटनची रेल्वे कित्येक महिने रांगत राहिली. रेलट्रॅक ही रूळ सांभाळणारी कंपनी पुढच्या वर्षी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. मी हॅटफिल्डचा अभ्यास नोकरीत असताना केला. त्या वेळी भेगांचे शास्त्र वाचण्यासाठी पुस्तक उघडले होते. आज मला त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते, ती म्हणजे तो आणून ठेवलेला रूळ.

आपल्याकडचे खन्ना तर आपल्याला ठाऊकच आहे. २६ नोव्हेंबर १९९८ च्या पहाटे, पंजाबात, मुंबईहून अमृतसरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलचे डबे तुटलेल्या रुळावरून घसरले आणि शेजारच्या लाइनवर आडवे झाले. समोरून सियालदह एक्स्प्रेस आली. २१२ माणसे गेली. चौकशी आयोगानेही रूळ तुटल्याचेच कारण दिले. मुंबई सेंट्रलला निरोप देऊन घरी परतलेल्या माणसांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बातमी कळली असेल. नोव्हेंबर संपत आला की मला ती तारीख आठवते.

रूळ तुटला की सिग्नल आपोआप लाल होतो, असे पुष्कळांना वाटते. ट्रॅक सर्किटमधून जाणारा विजेचा प्रवाह खंडित झाला तर तसे होतेही. पण नुसत्या तड्याने प्रवाह थांबत नाही. तुटलेली टोके एकमेकांना टेकून राहिली किंवा जॉगलमधून वीज वाहत राहिली तरीही थांबत नाही. म्हणून आधी शोधायचे आणि शोधल्यावर वेळेत काढायचे, याला दुसरा उपाय नाही.

आता नवी यंत्रे येत आहेत. माणसाच्या चालीने जाणाऱ्या ट्रॉलीऐवजी गाडीवर बसवलेली तपासणी यंत्रे एका दिवसात कितीतरी जास्त अंतर कापतात आणि प्रत्येक प्रतिध्वनीची नोंद साठवून ठेवतात. दक्षिण आफ्रिकेत सिशेन ते सलदान्या या लोहखनिजाच्या लाइनवर रुळातूनच ध्वनिलहरी पाठवून तुटलेला रूळ ओळखणारी यंत्रणा बसवली आहे आणि तिच्या चाचण्या आपल्याकडेही झाल्या. ही यंत्रे हवीतच. माझ्यासारख्याने उन्हात डोळे बारीक करून रेघ वाचायचे दिवस संपले तर मला आनंदच होईल. पण जास्त वेगाने शोधणारे यंत्र जास्त फुल्या मारणार. त्या फुल्या पुसायला माणसे, रूळ आणि ब्लॉक तेवढेच राहिले तर यादी लांबत जाईल. लांब यादीतला अकरावा दिवस कुणाच्याही डोळ्यांत खुपत नाही.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२२ चा अहवाल आपण पाहिला असेल. २०१७ ते २०२१ या चार वर्षांतल्या गाड्या घसरण्याच्या चौकशी अहवालांतून त्यांनी काढले की ४२२ घटनांची जबाबदारी अभियांत्रिकी विभागाकडे जाते आणि त्यांतल्या १७१ रुळांच्या देखभालीशी संबंधित आहेत. या सगळ्या रूळ तुटण्याच्या घटना नव्हेत, हे मी जाणतो. पण देखभाल म्हणजे तपासणी अधिक दुरुस्ती, आणि आपण जाहीरपणे मोजतो ती फक्त तपासणी.

आणि दुरुस्तीला ब्लॉक लागतो. त्याबद्दल मुंबईकरांना मी काय सांगू? रविवारचा मेगाब्लॉक आला की चिडचिड होते, माझीही होते. ठाण्याच्या फलाटावर लेकरू कडेवर घेऊन चाळीस मिनिटे उभी असलेली बाई मी पाहिली आहे, तिला रुळाच्या तळाचा गंज समजावून सांगणे मला जमणार नाही. पण शेवटची लोकल कारशेडला गेल्यापासून पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंतच्या तुटपुंज्या वेळात, विजेचा पुरवठा बंद करून, साहित्य आणून, वेल्ड करून, घासून, तपासून लाइन परत द्यायची असते. ब्लॉक अर्ध्या तासाने कापला की तो अर्धा तास कामातूनच जातो. कित्येक आठवडे आधी ब्लॉक आखून ठेवायची रोलिंग ब्लॉकची पद्धत आपण नियमांत आणली, ती चांगली आहे. तिच्यात तीन फुल्यांचा ब्लॉक वेगळा धरावा, कारण तडा आधी कळवून येत नाही. तो ब्लॉक कुणालाही परस्पर रद्द करता येऊ नये. करायचाच असेल तर रद्द करणाऱ्याने स्वतःच्या सहीने, कारण लिहून करावा.

आणखी एक. फुली मारणाऱ्याला ‘परत बघा’ असा फोन जाऊ नये. शंका असेल तर दुसरा तपासनीस पाठवावा, दुसऱ्या यंत्रासह, आणि त्याने पहिल्याचा निष्कर्ष न वाचता तपासावे. काढलेल्या प्रत्येक तुकड्याचा छेद उघडून पाहावा आणि त्याचे छायाचित्र फुली मारणाऱ्याला पाठवावे. तडा नसला तरी पाठवावे. तो त्यातूनच शिकेल. मला एकोणीस वर्षांत माझ्या किती फुल्या खऱ्या ठरल्या ते कधी नीट कळले नाही. जे तुटले तेवढेच कळले.

आणि तो रकाना. प्रत्येक विभागात किती ठिकाणी तीन फुल्या पडल्या, त्यांतल्या किती तीन दिवसांत बदलल्या, किती उशिरा, आणि सर्वांत जास्त दिवस कुठे लागले. शेजारी आणखी एक: किती मीटर रूळ ‘तपासता आले नाहीत’ आणि का. हे रकाने गाड्या वेळेवर चालवण्याची जबाबदारी असलेल्यांनी भरू नयेत. डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्येच स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली होती. ते होईल तेव्हा होवो. तोवर रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे हे आकडे थेट जावेत, एवढे आपल्या सहीने होण्यासारखे आहे. सुरुवातीला आकडे वाईट दिसतील. विरोधी पक्ष बोट ठेवील, वर्तमानपत्रे मथळे देतील. तरीही खरे लिहिणाऱ्या विभागाला शाबासकी द्या. नाहीतर खालचा माणूस पुन्हा ‘तपासले’ लिहू लागेल. मी लिहिले होते, म्हणून सांगतो.

त्या पहाटे पळत गेलेला कीमनही आता निवृत्त झाला आहे. गेल्या महिन्यात भेटला. पायाला सूज होती, काठी घेऊन आला होता. बोलता बोलता त्याने विचारले, ‘‘आता किती दिवसांत बदलतात हो साहेब?’’ मला उत्तर देता आले नाही. या पत्राचे उत्तर मला पाठवण्याची तसदी घेऊ नका. पुढच्या अधिवेशनात तक्ता मांडाल तेव्हा त्यात तो रकाना असू द्या, मी तो कीमनला वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त यूएसएफडी निरीक्षक